सरकारी दवाखान्यांची सायबर सुरक्षा: पुण्यात आपण नेमकं काय मागायला हवं?

मुठेकाठी

नमस्कार मंडळी. विषय कोरडा वाटेल, पण जरा वेळ काढून वाचा आणि लिहा.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर घुसलं, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटाला कुलूप लागलं. दोन आठवडे केसपेपर, लॅब, भरती, डिस्चार्ज सगळं हातानं चाललं. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाची ही गत. संसदेत नंतर कारण सांगितलं गेलं, ते म्हणजे नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते.

आता आपल्याकडे बघा. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेचं कमला नेहरू आणि पेठापेठांतले दवाखाने आहेत, पलीकडे पिंपरीत वायसीएम. कागद कमी होतोय, संगणक वाढतायत, आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक) काढून दिले जातायत. हे व्हायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुरक्षा म्हटलं की अँटिव्हायरसचं टेंडर काढायचं आणि वर्षातून एकदा सभागृहात व्याख्यान ठेवायचं, एवढ्यावर आपण थांबतो. मी याच क्षेत्रात नोकरी करतो आणि माझं ठाम मत आहे की पहिला रुपया नेटवर्क वेगळं करण्यावर आणि बॅकअपवर जावा.

आतल्या लोकांनी खरी परिस्थिती सांगावी. आणि नागरिक म्हणून आपण लेखी मागणी करायची तर कशाची करायची, हेही सांगा.

तक्रारवही

साधा उपाय आहे. केसपेपर कागदावरच ठेवा. कागद रशियातून कुणी हॅक करत नाही.

आंबिलकाठ

तक्रारवही, कागदाचं म्हणाल तर २०१९ च्या सप्टेंबरात ओढ्याचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा बाबांची सगळी फाईल चिखलात गेली. अँजिओग्राफीची सीडी, जुने ईसीजी, सगळंच. पुढच्या उपचारांना जुने आकडे मिळाले ते लॅबच्या संगणकातून. कागद हॅक होत नसेल, पण त्याची दुसरी प्रतही नसते.

रात्रपाळी

मी पुण्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कुठल्या ते लिहीत नाही.

आमच्या वॉर्डात नर्सिंग स्टेशनवर एक संगणक आहे. सकाळी कुणीतरी लॉगिन करतं, तेच लॉगिन तिन्ही पाळ्यांत चालू राहतं. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर मार्करने पासवर्ड. पट्टीच्या कडा निघायला लागल्या की नवी लावली जाते. असं करू नये हे शिपायापासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून व्याख्यानाने यात काही फरक पडणार नाही, या मुठेकाठींच्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

पण हे का होतं ते ऐका. आत शिरायचं तर आधी विंडोजचा पासवर्ड, मग प्रणालीचा, मध्येच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. रात्री पूर्ण भरलेल्या वॉर्डला दोघीच असतो. एका पेशंटचं बीपी पडतंय, दुसऱ्याचा पोटॅशियमचा रिपोर्ट आला का ते बघायचंय. अशा वेळी पासवर्ड चुकून खातं लॉक झालं, तर उघडून देणारा माणूस सकाळी ऑफिस उघडल्यावर येणार. इंटर्न मुलांची तर पोस्टिंग संपत येते तेव्हा त्यांचं लॉगिन मिळतं. तोवर त्यांनी काम करायचं की नाही? ते सिस्टरच्या लॉगिनवरच करतात.

पाळी बदलताना ओव्हर देतो तेव्हा आम्ही प्रत्येक बेडपाशी उभं राहून सगळं सांगतो. ड्रेन किती, सलाईन कितवं, कुठला डोस राहिलाय. त्यात ‘माझं लॉगिन बंद केलं, तू तुझं उघड’ हे सहज बसेल. फक्त ते पटकन व्हायला पाहिजे.

डबलबी

मॅडम, आदर ठेवून असहमत. मी सहकारी बँकेत आयुष्य काढलं. पासवर्ड दुसऱ्याला दिला तर आमच्याकडे मेमो यायचा. पुन्हा दिला तर चौकशी. शिस्त लावली की लागते. आणि ढिलाईची किंमत या शहराने पाहिलेली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेत मालवेअर घुसवून दोन दिवसांत ९४ कोटी काढले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्यालयातल्या सर्व्हरची ही गोष्ट. रुग्णालयांना वेगळा न्याय का?

रात्रपाळी

डबलबी काका, बँकेत सर्व्हर डाऊन असला की ‘उद्या या’ असा बोर्ड लावता येतो. अपघात विभागात कुणाला लावायचा? माणूस श्वास घेत नसताना जो संगणक उघडा आहे तोच वापरला जाणार, मेमो येवो नाहीतर चौकशी लागो.

पॅचवाला

रात्रपाळी ताईंचा मुद्दा जगभर मान्य झालेला आहे. लिव्हरपूलला अल्डर हे नावाचं मुलांचं रुग्णालय आहे. तिथे वेगवेगळ्या प्रणालींत शिरायला लोकांना १ मिनिट ४५ सेकंद लागायचे. एकच लॉगिन सगळीकडे चालेल अशी सोय केली, तो वेळ १० सेकंदांवर आला. दिवसाला पाचेक हजार लॉगिन होतात तिथे. रोजचे १३० तास वाचले असा हिशेब निघाला, आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने याच कामासाठी सगळ्या एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, चार कोटी पौंड जाहीर केले.

आपल्याकडे ओळखपत्र गळ्यात असतंच. त्यातच चिप घातली आणि कीबोर्डजवळ रीडर ठेवला की कार्ड टेकवलं, उघडलं. कार्ड उचललं, बंद झालं. हजेरीला बायोमेट्रिक यंत्रं घ्यायला पैसे मिळतात, तर याला का मिळू नयेत? सामायिक लॉगिन गेलं की कुणी काय पाहिलं याची नोंदही खरी होते. आज चौकशी झाली तर नोंदीत प्रत्येक वेळी एकच नाव दिसेल, आणि ती सिस्टर बिचारी त्या दिवशी रजेवर असेल.

खाऊवाले

तोवर एक पाटी लावून टाका: ‘येथे पासवर्ड मिळणार नाही. विचारून आपला व आमचा वेळ घालवू नये.’

रात्रपाळी

:-) ही खरंच छापून लावते.

फिरतीवर

निवासी डॉक्टर. इथे सगळे लॉगिनवर बोलताय, पण निम्मा डेटा तर व्हॉट्सॲपवर फिरतो. रात्री सरांना एक्स-रे दाखवायचा तर व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावून फोटो काढतो आणि युनिटच्या ग्रुपवर टाकतो. कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, नंबर सगळं दिसतं. त्या ग्रुपमधून पास झालेले लोक महिनोन् महिने बाहेर पडत नाहीत. कुणी मुद्दाम करत नाही, सरांचा निर्णय त्या पाच मिनिटांत मिळाला नाही तर पेशंटचं नुकसान होतं म्हणून करतो. रुग्णालयाने स्वतःचं सुरक्षित मेसेजिंग दिलं तर उद्यापासून वापरू. निदान नाव झाकून फोटो काढायचा आणि बॅच बदलली की ग्रुप साफ करायचा, एवढा नियम तरी विभागप्रमुखांनी घालावा. त्याला पैसाही लागत नाही.

निळाचाफा

मी बायोमेडिकल इंजिनिअर, बऱ्याच सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत यंत्रांच्या देखभालीसाठी जातो. या चर्चेत अजून कुणी यंत्रांकडे वळलेलं नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

सीटी स्कॅन किंवा लॅबचा अ‍ॅनालायझर घेतला की तो दहा-बारा वर्षं चालवायचा असतो. त्याला जोडलेल्या संगणकात त्या काळचं विंडोज असतं. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्र मात्र ठणठणीत असतं. अपडेट टाकावं तर कंपनी म्हणते, आमच्या परवानगीशिवाय हात लावाल तर वॉरंटी आणि एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) दोन्ही गेलं. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण तपासणी न करता टाकलेल्या अपडेटने यंत्राचा आकडा चुकला तर तो रुग्णाला भोवतो.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आलं तेव्हा इंग्लंडमधल्या एनएचएसच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या तिथल्या संस्थांना) फटका बसला. सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या असा एनएचएसचाच अंदाज. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारं अपडेट, दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. म्हणजे औषध कपाटात होतं.

जी यंत्रं अपडेट होऊच शकत नाहीत त्यांना वेगळ्या खोलीत ठेवायचं. म्हणजे नेटवर्कवर. सीटीच्या संगणकाला फक्त एक्स-रे-सीटीच्या सर्व्हरशी बोलता आलं पाहिजे, आस्थापनेतल्या क्लार्कच्या संगणकाशी नाही, इंटरनेटशी तर मुळीच नाही. मी प्रत्यक्षात बघतो ते असं: एक स्विच भिंतीवर खिळ्याला टांगलेला, त्यात सीटीची वायर, बिलिंगची वायर, आणि सीसीटीव्हीची वायरही. शिवाय कंपनीच्या माणसाला पुण्याबाहेरून दुरुस्ती करता यावी म्हणून सीटीवर एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) कायमचं उघडं. त्या कंपनीतला माणूस नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच.

एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा ज्या सर्व्हरवर साठतात त्यांचं तर विचारू नका. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने शोध घेतला तेव्हा जगभरातले शेकडो असे सर्व्हर इंटरनेटवर बिनापासवर्ड उघडे सापडले, रुग्णांच्या नावांसकट. भारतातलेही होते. यात हॅकिंग असं काही नव्हतंच, दार उघडंच होतं.

मुठेकाठींना पूर्ण अनुमोदन, नेटवर्क वेगळं करणं हे पहिलं काम. फक्त ते खरेदीच्या वेळीच अटीत लिहून घ्यायला हवं. यंत्र आल्यावर कंपनी ऐकत नाही. टेंडरमध्ये ‘आधार किती वर्षं देणार, अपडेट कोण आणि किती दिवसांत टाकणार, दूरस्थ प्रवेश रुग्णालयाने उघडल्याशिवाय मिळणार नाही’ एवढं असलं तरी निम्मं काम होतं. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाला, ठरवताना या गोष्टींना गुणच नसतात, म्हणून स्वस्तातलं येतं.

तक्रारवही

निळाचाफा, फारच उपयोगी प्रतिसाद. कागदाचा आग्रह मागे घेतला. पण एक विचारतो. चोरांना माझ्या शुगरच्या रिपोर्टमध्ये रस काय असणार? बँकेचं समजू शकतो.

समुपदेशिका

तक्रारवही, शुगरचं सोडा. मी एचआयव्ही समुपदेशनाचं काम केलंय. आमच्याकडे बायका दुसऱ्या तालुक्यातून दोन एसटी बदलून यायच्या, गावातल्या केंद्रावर ओळखीचं कुणी बघेल म्हणून. केंद्राच्या पाटीकडे पाठ करून उभ्या राहायच्या, नंबर आला की पदर डोक्यावरून घेऊन आत. त्यांची गुप्तता राखणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या नोंदी घ्या, गर्भपाताच्या घ्या, क्षयरोगाच्या घ्या. बँकेचं कार्ड ब्लॉक करून नवं मिळतं. हे एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने केंद्राला धमकावून भागलं नाही तेव्हा एकेका रुग्णाला ईमेल पाठवले, बिटकॉइनमध्ये पैसे द्या नाहीतर तुमच्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं प्रसिद्ध करतो म्हणून. कल्पना करा, आपल्याकडच्या एखाद्या लग्न ठरलेल्या मुलीला असा मेसेज आला तर ती कुणाकडे जाईल? लोकांचा भरवसा गेला तर ते तपासणीलाच येणार नाहीत, आणि मग सगळ्या कार्यक्रमाचंच नुकसान.

अर्जदार

मी माहिती अधिकारात बरंच काम करतो. दहा रुपयांचा अर्ज टाकू या: रुग्णालयाचं सुरक्षा ऑडिट सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या संस्थेकडून शेवटचं कधी झालं, माहिती सुरक्षा अधिकारी नेमलाय का, बॅकअप शेवटचा कधी तपासला. सर्ट-इनलाच विचारायचं तर उपयोग नाही, २०२३ पासून ती संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर आहे. पण रुग्णालय आणि महापालिका आहेत ना कक्षेत.

पॅचवाला

अर्जदार, इथे मात्र जपून. कुठल्या रुग्णालयात कुठलं जुनं विंडोज आहे याची यादी तुम्ही मिळवून फेसबुकवर टाकलीत, तर चोराचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

अर्जदार

यादी मागतच नाही. ऑडिट झालं की नाही, तारीख आणि त्रुटी दूर केल्या का, एवढंच. झाकून ठेवल्याने कुणी सुरक्षित झालेलं माझ्या पाहण्यात नाही, झाकून ठेवल्याने फक्त बजेट मिळत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. तसं करायची व्यवस्था तरी आहे का, हे विचारण्यात धोका कसला? नव्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण सरकारी रुग्णालयाला दंड झाला तरी तो आपल्याच करातून जाणार. म्हणून हल्ल्याच्या आधीच विचारायचं.

पॅचवाला

तारखांपुरतं असेल तर हरकत नाही. मजकूर टाकण्याआधी इथे दाखवा.

भांडारपाल

सेवानिवृत्त, भांडार विभाग. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही, ती म्हणजे निर्लेखन, जुनी वस्तू नोंदीतून काढून टाकणं. जुना संगणक डेड स्टॉक रजिस्टरवरून कमी करायला समिती, प्रस्ताव, मंजुरी, मग भंगाराचा लिलाव. वर्षानुवर्षं ते संगणक जिन्याखाली पडून असतात, आणि लिलावात जातात ते हार्ड डिस्कसकट. रजिस्टरवर ‘संगणक १ नग’ लिहिलेलं असतं, तेव्हा डिस्क काढली तर नग अपूर्ण भरतो आणि ऑडिटचा पॅरा (लेखी आक्षेप) निघतो. म्हणून कुणी काढत नाही. मी एका ठिकाणी प्रस्तावातच लिहून घेतलं होतं की डिस्क समितीसमोर ड्रिल मारून नष्ट करून पंचनामा जोडावा. त्याला कुणीही आक्षेप घेतला नाही. हा एक परिच्छेद निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावात घालता येईल.

फिरतीवर

भांडारपाल काका, हे सोनं आहे. मागणीपत्रात घ्याच.

मुठेकाठी

खूप शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. बॅकअपवर कुणी फारसं बोललं नाही म्हणून मीच लिहितो. एम्सचा ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीचा डेटा परत मिळाला तो एका बॅकअप सर्व्हरला धक्का लागलेला नव्हता म्हणून. तो मूळ नेटवर्कवर उघडा असता तर त्यालाही कुलूप लागलं असतं. म्हणून एक प्रत अशी हवी जी वायरीने कशालाच जोडलेली नाही, आणि ती परत चढवून बघायचा सराव हवा.

आयर्लंडचा अनुभव तर डोळ्यांसमोर ठेवावा असा. मार्च २०२१ मध्ये एका कर्मचाऱ्याने ईमेलमधली एक्सेल फाईल उघडली. हल्लेखोर आठ आठवडे आत फिरत होते. अँटिव्हायरसने इशारे दिले, पण ते बघून हालचाल करेल असं कुणी नेमलेलंच नव्हतं. १४ मेला सगळ्या देशाची सार्वजनिक आरोग्यसेवा आडवी झाली. चोरांनी आठवडाभरात कुलपाची किल्ली फुकट दिली, तरी सगळं पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. अँटिव्हायरस विकत घेऊन त्याच्याकडे बघायला माणूस न नेमणं हे आपल्याकडेही चालू आहे, आणि महापालिका असो की राज्य शासन, या पदाला बाजारभावाच्या जवळपास पगार दिल्याशिवाय माणूस टिकणार नाही.

डबलबी

रात्रपाळी मॅडमचं म्हणणं आता पटतंय. कार्डाची सोय द्यावी, आणि ती दिल्यावर मात्र शिस्त कडक ठेवावी. पुरवणी: महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. त्यात लोक पदपथ, दिवे, बाकडीच लिहितात. तिथेही हे लिहू या का?

अर्जदार

ती प्रभागातल्या छोट्या कामांसाठी असते, दवाखान्याचं नेटवर्क त्यात बसणार नाही. आरोग्यप्रमुखांना स्वतंत्र निवेदन द्यावं आणि प्रत स्थायी समितीला.

रात्रपाळी

निवेदनात एक माझ्याकडून घाला. कागदावर काम करायचा सराव. नव्या मुलींनी हातानं इंडेंट (मागणीचा फॉर्म) भरलेलंच नाही. संगणक बंद पडला तर लॅबला नमुना कुठल्या चिठ्ठीवर पाठवायचा, रिपोर्ट कोण आणणार, रक्तपेढीला मागणी कशी द्यायची हे कुणालाच ठाऊक नसतं. आगीची कवायत होते तशी ही तीन महिन्यांतून एकदा, रात्रपाळीत व्हावी. कारण दिवसा पळायला माणसं असतात. प्रत्येक वॉर्डात छापील फॉर्मचा गठ्ठा आणि लॅब, रक्तपेढी, ओटी यांच्या इंटरकॉम क्रमांकांची यादी, एवढंच.

समुपदेशिका

रक्तपेढीचं तर नक्कीच घाला. जून २०२४ मध्ये लंडनला सिनोव्हिस या पॅथॉलॉजी कंपनीवर हल्ला झाला तेव्हा किंग्ज कॉलेज, गाईज, सेंट थॉमस इथे रक्तगट जुळवण्याचं काम नेहमीच्या वेगाने होईना. सगळ्यांना चालेल म्हणून ओ गटाचं रक्त वापरावं लागलं आणि त्या गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करावं लागलं. पुढच्या वर्षी किंग्जने मान्य केलं की त्या काळातल्या एका रुग्णाच्या मृत्यूला रक्ततपासणीचा रिपोर्ट उशिरा येणं हेही एक कारण होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात एरवीच रक्ताचा तुटवडा असतो.

मुठेकाठी

दोन्ही घेतो. रविवारपर्यंत मसुदा इथे टाकतो. आतल्या लोकांनी तो वाचून दुरुस्त करावा, सही बाहेरच्यांनीच करावी, म्हणजे कुणाच्या नोकरीला त्रास नको.

तक्रारवही

माझी सही धरा. निळाचाफा, एक शेवटचं. ते नेटवर्क वेगळं करायला फार खर्च येतो का? म्हणजे सगळ्या वायरी नव्याने टाकायच्या?

निळाचाफा

वायरी बहुतेक त्याच चालतात. स्विच बदलावे लागतात. भिंतीवर टांगलेला साधा स्विच असतो त्यात व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं, करता येत नाही, त्याला मॅनेज्ड स्विच हवा, आणि मध्ये एक बऱ्यापैकी फायरवॉल, कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवणारी. मोठा वेळ जातो तो कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात, कारण नकाशा कुठेच नसतो. म्हणून निवेदनात पहिली ओळ अशी टाका: प्रत्येक मजल्यावर काय काय जोडलेलं आहे याची यादी करा. हे काम दोन इंजिनिअर आणि त्या मजल्याचा जुना वॉर्डबॉय एवढ्यांत होतं. मामांना सगळ्या वायरी ठाऊक असतात.